काजूच्या भाटात उभा माणूस

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला तैलरंगांची पेटी भेट दिली. लाकडी पेटी, आत खणांत लावलेल्या ट्यूब, तेलाची एक बाटली, टर्पेन्टाइनची एक आणि सहा कुंचले. तीस वर्षं मी डिचोलीच्या हायस्कूलात चित्रकला शिकवली. पेटी हातात घेताना मला थोडी लाज वाटली, कारण त्या तीस वर्षांत मी जे काढलं ते बहुतेक फळ्यावर, खडूने, आणि तास संपला की डस्टरने पुसलं. कला महाविद्यालयात असताना तैलरंगात माणसं रंगवली होती, पण ती खोलीत, खिडकीजवळ स्टुलावर बसवलेली. निसर्गचित्रंही केली होती, त्यांत माणूस असलाच तर दोन ठिपक्यांचा. उघड्या रानात, उन्हात, आपल्या पायांवर उभा असलेला ओळखीचा माणूस मी कधी रंगवलाच नव्हता.

पेटी वर्षभर पार्सेतल्या आमच्या घरी कपाटावर पडून राहिली. मुलगी पुण्याला नोकरी करते. ती फोनवर विचारायची, "आई, पेटी उघडलीस?" मी म्हणायचे, "उघडते गो, घाई काय आहे?" शेवटी एकदा ती म्हणाली, "ट्यूब सुकतील मग उघडशील." हे मात्र खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी पेटी खाली काढली.

रंगवायचं कोणाला, याचा फार विचार करावा लागला नाही. रोज सकाळी एकाच वेळी एकाच जागी सापडणारा माणूस आमच्या घरात एकच होता. माझे यजमान वीज खात्यात लाइनमन होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा जीव घरामागच्या काजूच्या भाटात, बागेत म्हणा. उतारावरचं भाट, तांबडी माती, मधेमधे जांभ्याचे कातळ वर आलेले, आणि खाली शेताचा पट्टा, त्याच्या कडेने माड. सकाळी चहा आणि पाववाल्या पोदेराकडचा एक उंडा खाल्ला की कोयता घेऊन ते वर जायचे आणि झाडांखालचं रान साफ करायचे. बोंडू, म्हणजे काजूची फळं, पडायला लागण्याआधी जमीन मोकळी असावी लागते, नाहीतर बिया पाचोळ्यात सापडत नाहीत.

मी त्यांना विचारलं, "तुम्हाला उभं करून चित्र काढू?"

"माझं? कशाला?"

"मॉडेल दुसरं कोणी मिळत नाही म्हणून."

"किती वेळ उभा राहू मगे?"

"रोज तासभर. मधे मधे सोडीन."

"खांबावर चार चार तास उभा राहिलोय," ते म्हणाले. "तिथे निदान दोरी होती कमरेला."

जानेवारी अर्धा सरला होता. काजूला मोहर होता आणि सगळ्या उतारावर त्याचा तो गोडसर वास. मी साडेआठ ते साडेनऊ ही वेळ ठरवली, कारण तेव्हा ऊन त्यांच्या उजव्या अंगावर पडायचं आणि डावं अंग सावलीत राहायचं. त्यांचा जुना खाकी शर्ट, हाफ पँट, खांद्यावर टॉवेल, उजव्या हातात कोयता, डावा हात मोकळा सोडलेला. पाय जिथे ठेवायचे तिथे मी दोन चपटे दगड रोवले, म्हणजे रोज जागा बदलायला नको.

पहिले चार दिवस नुसतं रेखाटन आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून खालचा थर. कुठे उजेड, कुठे काळोख, एवढंच. मग रंग. आठवड्याभरात जमीन बरी झाली, झाडं झाली, खालच्या शेताचा हिरवा पट्टाही दूर गेल्यासारखा वाटू लागला. माणूस मात्र कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. शाळेत मुलांच्या कागदांवर मी नेमकं हेच बोट ठेवायचे, की तुझा माणूस जमिनीवर उभा नाही, तो हवेत आहे. आता माझाच तसा झाला होता.

मी दोन दिवस कुंचला न धरता नुसती बसून पाहत राहिले. त्यांना सांगितलं, "आज काही करणार नाही, फक्त बघणार."

"बघ बापडी," ते म्हणाले.

बघता बघता काही गोष्टी लक्षात आल्या. मी त्यांच्या सावलीतल्या अंगाला करडा रंग दिला होता, पण तिथे करडा नव्हताच. तांबड्या मातीवर पडलेलं ऊन उलटून वर येत होतं. हनुवटीखाली, शर्टाच्या बाहीच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे सगळीकडे एक मंद नारिंगी छटा होती. खांद्यावर मात्र वरून आभाळाचा निळा. आणि पाय मी बोटांपर्यंत नीट काढले होते, प्रत्यक्षात ते पाचोळ्यात अर्धे बुडालेले. मी पायांवर पाचोळा चढवला, सावलीत थोडा तांबडा मिसळला, शर्टाची एक कड मागच्या झाडाच्या बुंध्यात विरघळू दिली. माणूस जमिनीला लागला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग राहिला डावा हात.

हात मी शेवटी घेते. मुलांना शिकवताना मोकळा सोडलेला हात फळ्यावर मी डोळे मिटूनही काढू शकत असे: खांद्यापासून सैल, कोपरात नावापुरता बाक, बोटं किंचित आत वळलेली, अंगठा पुढे. तसाच काढला. पण समोर पाहिलं की जुळत नव्हता. कोपर जास्त वाकलेलं, हात अंगाला धरून, अंगठा तर्जनीला टेकलेला. मी म्हटलं, "अहो, हात सैल सोडा ना."

"सोडलाच आहे."

"अजून सोडा."

त्यांनी हात झटकला. क्षणभर सैल झाला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा तसाच.

मला वाटलं माझंच चुकतंय. वर्षानुवर्षं प्रत्यक्ष माणूस समोर ठेवून काम केलं नव्हतं, नजर बोथट झाली असणार. मी तो हात पॅलेट नाइफने खरवडला, पुन्हा केला. पुन्हा खरवडला. तीन सकाळी अशा गेल्या. समोर दिसणारा हात काढला की चित्र अवघडलेलं वाटायचं, आणि पाठ असलेला काढला की सुंदर वाटायचं पण त्यांचा वाटायचा नाही. शेवटी मी पाठ असलेलाच ठेवला. झकास दिसत होता. त्यांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरा आहे."

पण मला ते सुटेना. दुसऱ्या दिवशी ते दगडांवर उभे राहिल्यावर मी मोबाइलवर एक फोटो काढला. घरी येऊन जेवणाच्या मेजावर बसून तो मोठा करून पाहिला. कोपर वाकलेलं, अंगठा तर्जनीला टेकलेला. म्हणजे माझी नजर ठीक होती.

आता शाळेतली एक गोष्ट. चालणारा माणूस शिकवताना मी एका मुलाला वर्गात दोन फेऱ्या चालायला लावायचे आणि बाकीच्यांना सांगायचे, बघा, उजवा पाय पुढे गेला की डावा हात पुढे येतो. मुलं नेहमी उलटं काढतात, म्हणून. त्या संध्याकाळी ते माडांना पाणी सोडून परत येत होते. मी पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. वर पाहिलं, आणि सवयीने हातपाय मोजायला लागले. डावा पाय, उजवा हात. उजवा पाय... डावा हात आलाच नाही. तो कमरेशी तसाच धरलेला, एखादी पिशवी लटकवल्यासारखा. फाटकापासून पायरीपर्यंत वीसेक पावलं असतील. एकदाही हलला नाही.

ते येऊन शेजारी बसले. मी सूप बाजूला ठेवलं.

"तुमच्या डाव्या हाताला काही होतंय का?"

"कुठे काय?"

"चालताना हलत नाही तो."

समोर फाटकाकडे बघत राहिले. मी पुन्हा विचारलं नाही. चाळीस वर्षं होत आली संसाराला, त्यांना घाई केली की ते उठून जातात हे मला ठाऊक आहे.

थोड्या वेळाने म्हणाले, "गणपतीच्या चवथीपासून असं आहे. शर्टाची बटनं लावायला वेळ लागतो. कलमं बांधायची सोडली ती त्यामुळेच. तुला मात्र माझे गुडघे दुखतात म्हणून सांगितलं."

"बोलला का नाहीत?"

"वयाने होतं म्हटलं." मग म्हणाले, "चित्रात तू तो हात बरा केलास. मी म्हटलं, हिला दिसलं नसेल. किंवा दिसलं असेल आणि हिने झाकलं असेल."

दोन्ही थोडंथोडं खरं होतं. तीन दिवस तो हात माझ्या समोर होता, आणि मी मला येत असलेला हात काढला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेडण्याला नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या तज्ज्ञांना दाखवायची चिठ्ठी दिली. तिथे बाकावर बराच वेळ बसावं लागलं. ते भिंतीवरच्या वायरिंगकडे बघत होते, ते कसं चुकीचं ओढलंय हे मला सांगत होते. आवाज नेहमीसारखाच होता.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बोटं उघडमीट करायला लावली, चिमटा घेतल्यासारखी अंगठा आणि तर्जनी पुन्हा पुन्हा जुळवायला लावली, बाहेरच्या पॅसेजमध्ये चालायला लावलं. मग एक कोरा कागद आणि पेन समोर ठेवून म्हणाल्या, "काका, मधून सुरुवात करून एक गोल गोल काढा, बाहेर बाहेर जात. आधी उजव्या हाताने, मग डाव्या."

मी शेजारच्या खुर्चीवर होते. अशा गोल रेषा मी पाचवीच्या मुलांकडून पहिल्या आठवड्यात काढून घ्यायचे, हात सुटावा म्हणून. शेकड्यांनी कागद तपासले असतील. उजव्या हाताचा गोल ऐसपैस आला, एखाद्या लाइनमनने तारेचं वेटोळं ठेवावं तसा. डाव्या हाताचा पहिले दोन वेढे ठीक गेला आणि मग वेढे एकमेकांना चिकटत गेले. रेघ बारीक थरथरत होती. त्यांनी जीभ दातांत धरली होती. संपल्यावर पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं, शिक्षिकेकडे बघावं तसं. मी म्हटलं, "छान आहे." माझ्या आयुष्यात मी इतका खोटा शेरा कुणाला दिला नव्हता.

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स. सुरुवात आहे, म्हणाल्या. बरा होत नाही, पण औषधाने बराच काळ नीट चालतं, व्यायाम सोडायचा नाही. मग विचारलं, "एवढ्या लवकर कुणाच्या लक्षात आलं? अशा वेळी लोक खांदा आखडला म्हणून मालीश करत बसतात."

ते म्हणाले, "ही माझं चित्र काढत होती."

बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मला आधी वाटलं माझं ड्रॉइंग चुकतंय."

परतताना म्हापशाला बस बदलली तेव्हा त्यांनी दोन चहा घेतले आणि डाव्या हातात माझा ग्लास धरून आणला. चहा सांडला नाही. मला कळलं की ते मला दाखवत होते.

औषधं सुरू झाली. पहिले दहा-बारा दिवस मळमळ, जेवण नको, झोपून राहायचे. मी भाटात गेले नाही. कॅनव्हास वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. त्याच्याकडे पाहावंसं वाटत नव्हतं. खरं तर ते चित्र तसंच संपवायचं मी मनात ठरवलं होतं. रंगवलेला हात चांगला होता, बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

मार्चच्या मध्यावर त्यांना बरं वाटायला लागलं. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "चित्राचं काय झालं?"

"झालंच आहे ते."

"झालं नाही. हात माझा नाही त्यात."

"असू दे. चांगला दिसतो."

"दिसतो. पण तो दुसऱ्याच कुणाचातरी आहे." ते उठले, कोयता घेतला. "चल, मी उभा राहतो. आहे तसा काढ. चेहरा माझा, पाय माझे, आणि हात उसना, असं कशाला?"

मी पेटी घेऊन त्यांच्या मागे वर गेले.

दीड महिन्यापूर्वीचा रंग एव्हाना घट्ट झाला होता, खरवडताना नाइफ घसरत होता. हात काढला, आणि मग कळलं की नुसता हात बदलून भागत नाही. हात अंगाशी धरला की खांदा थोडा खाली येतो. खांदा खाली आला की शर्टाच्या चुण्या बदलतात, मान नकळत दुसऱ्या बाजूला जाते. हे सगळं समोर पहिल्या दिवसापासून होतं, मी ते जागोजाग सरळ करून ठेवलेलं. सगळं पुन्हा रंगवलं. वरचे थर आता तेल घालून जाड लावावे लागत होते, खालचा सुकलेला म्हणून. त्यात सूर्यही सरकला होता. साडेआठला ऊन आता वर चढलेलं असायचं, सावल्या आखूड. मला साडेसातला जावं लागलं, आणि तरी सावली जानेवारीच्या जागी पडेना. मोहर गळून गेला होता. झाडांवर पिवळे तांबडे बोंडू लागले होते, खाली पडलेल्यांवर माश्या.

मी त्यांना विचारलं, "आता काय करू? मागचं सगळं जानेवारीतलं आहे."

"राहू दे," ते म्हणाले. "फोटो थोडाच आहे."

म्हणून झाडं जानेवारीतली आहेत आणि माणूस मार्चचा. सावलीत थोडी तडजोड केली आहे. जाणत्या माणसाला ती चूक दिसेल.

उभं राहताना ते आता जास्त बोलत. पूर्वी कामाबद्दल ते घरी कधी बोलत नसत. आता सांगायचे, इब्रामपूरकडच्या लाइनवर पावसात कसं चढावं लागायचं, तार कुठे तुटली ते बेडकांच्या आवाजावरून कसं कळायचं. जिथे तार पाण्यात पडलेली असे तिथे बेडूक गप्प असत. हे खरं की खोटं मला ठाऊक नाही. अर्धा तास झाला की मी त्यांना बसवायचे. पूर्वी तासभर न हलणारा माणूस, पण आता पाय जड व्हायचे. ते कातळावर बसले की मी माती रंगवायचे.

सहा सकाळींत काम झालं. सातव्या दिवशी मी काहीच केलं नाही, फक्त अंगठ्याच्या नखावर उजेडाचा एक ठिपका ठेवला आणि कुंचले धुतले. त्यांनी येऊन पाहिलं. या वेळी "बरा आहे" म्हणाले नाहीत. म्हणाले, "माझा बाप म्हातारपणी असाच उभा राहायचा." मी सासऱ्यांना पाहिलेलं नाही, मी लग्न होऊन आले त्याआधीच ते गेले होते.

मुलीला आम्ही काही कळवलं नव्हतं. नवी नोकरी, धावत येईल, रजा फुकट जाईल, असं ते म्हणत. मलाही ते फोनवर सांगणं जड जात होतं. चित्र झालं एवढंच सांगितलं. तिने फोटो पाठव म्हटलं तर मी म्हटलं, आल्यावर बघ, तैलरंग फोटोत नीट येत नाहीत.

ती मे महिन्यात आली. चित्र बाहेरच्या खोलीत लावलं होतं, अजून त्याला तेलाचा वास होता. बॅग खाली ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली. आम्ही दोघं मागे. तिला चित्रातलं फारसं कळत नाही, लहानपणी माझ्या विषयातच तिला कमी गुण असायचे. पण बाप तिला ठाऊक होता.

तिने वळून बापाकडे पाहिलं. मग त्यांच्या डाव्या हाताकडे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं, तारखांसकट, गोळ्यांच्या नावांसकट. मला एक शब्द बोलावा लागला नाही. ती थोडी रडली, थोडी आमच्यावर रागावली, आणि मग माझ्यामागून स्वयंपाकघरात येऊन तिने विचारलं, जेवायला काय आहे. सुंगटांची, कोळंबीची आमटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती दोघं अंगणात होती. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम ते एकटे करायला कंटाळतात. ती त्यांच्यापुढे चालत होती, हात मुद्दाम मोठे हलवत, आणि ते मागून तिचं बघून डावा हात पुढे टाकत होते. तुळशीपाशी पोचले की वळायचे.

"बाबा, मोठं टाका," ती म्हणत होती.

"टाकतोय गो."

मी चहा ठेवायला आत गेले.